एका पेशीत निकाल

आमच्या हुडकेश्वरच्या कॉलनीत रुपराव ठवकर यांच्याइतका तारखांचा जाणकार दुसरा नाही. गल्लीतली नाली कोणत्या दिवशी खोदली आणि किती दिवस उघडी राहिली, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने ‘दोन महिन्यांत घर सोडतो’ असं कोणत्या साली म्हटलं, सगळं त्यांना तोंडपाठ. चौतीस वर्षं ते दिवाणी कोर्टात रीडर होते. न्यायाधीशांच्या पुढ्यात, पण एक पायरी खाली बसायचं, फायली वर सरकवायच्या, साक्षीदाराला शपथ सांगायची आणि जाणाऱ्या पक्षकाराच्या हाती पुढची पेशी द्यायची, हे त्यांचं काम.

आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. ‘आज माझी पेशी आहे’ असं कुणी म्हणालं की समजायचं, हा माणूस दिवसभर कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसणार, चार वेळा चहा पिणार आणि संध्याकाळी पुढची पेशी घेऊन घरी येणार. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशी नावाची आणखी एक वस्तू असते. पण रुपरावांना शाळा सोडून चाळीसवर वर्षं झाली होती, आणि या दुसऱ्या पेशीशी त्यांचा काही संबंध येईल असं वाटण्याचं कारण नव्हतं.

कोर्ट त्यांनी घरीही आणलं होतं. सिंधूताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, पंखा पुसायला सांगितला की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत आणि म्हणत, ‘‘पुढच्या बुधवारी ठेवू.’’ बुधवारी गुरुवार मिळायचा. ‘‘एवढ्या वर्षांत या माणसानं घरचं एक प्रकरण निकाली काढलं नाही,’’ असं सिंधूताई आल्यागेल्याला सांगत, आणि रुपराव प्रशस्तिपत्र ऐकल्यासारखे मान हलवत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांच्या हातांनी संप पुकारला. सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मनगटं ताठ, शर्टाची बटणं लागेनात. काटोलच्या भाच्याने संत्र्यांची पेटी पाठवली, तेव्हा हा गृहस्थ एक संत्रं मांडीवर घेऊन पंधरा मिनिटं नुसता बसून होता. सोलता येईना, आणि बायकोला सोलून दे म्हणवेना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर नूपुर म्हणून एक तरुण बाई आहेत. त्यांनी रक्त तपासलं, बोटं एकेक करून दाबली आणि समजावून सांगितलं, ‘‘काका, हा आमवात आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी चुकून आपल्याच सांध्यांवर धावून जातात.’’

‘‘म्हणजे वादी मीच आन् प्रतिवादीबी मीच.’’

‘‘तसंच काहीसं.’’

‘‘मंग निकाल कवा?’’

डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली. आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. दर महिन्याला रक्त तपासायचं. गुण यायला दोन-तीन महिने लागतील. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला या.

रुपराव बाहेर आले ते अपमान झाल्यासारखे. ‘‘तारीख देऊन राहिली मले,’’ ते मला म्हणाले. ‘‘मले.’’

तरी दीड महिना त्यांनी गोळ्या घेतल्या, नऊ तारखेला मात्र गेले नाहीत. मग एका रविवारी वर्तमानपत्रातून एक गुळगुळीत कागद पडला. ‘नवांकुर मूळपेशी केंद्र’ नावाच्या खाजगी दवाखान्याची जाहिरात होती. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं: ‘तुमच्याच शरीरातील एका पेशीत आहे संपूर्ण आराम.’

रुपराव बनियनवरच माझ्या फाटकाशी आले. चष्मा कपाळावर, कागद हातात.

‘‘हे वाचा,’’ ते म्हणाले. ‘‘एका पेशीत. संपूर्ण आराम.’’

मी वाचलं आणि फाटकाला धरून हसलो. मग त्यांना समजावलं की ही पेशी ती नव्हे, ही शरीरातली सूक्ष्म वस्तू, हिच्यापासून पुढे रक्त, हाड, कातडी वगैरे तयार होतं.

‘‘ते पेशी घ्या नाहीतर हे पेशी घ्या,’’ रुपराव म्हणाले. ‘‘एक म्हटलं हाये ना? चौतीस वर्षांत मी एका पेशीत मिटलेलं प्रकरण पाहिलं नाही. एक तरी पाहून मरू द्या.’’

त्याच वेळी मी त्यांना धरून डॉक्टर नूपुरकडे न्यायला हवं होतं. मी काय केलं, तर हा किस्सा तीन दिवस कॉलनीभर सांगत फिरलो. लोक पोट धरून हसले. त्या तीन दिवसांत रुपराव जाऊन नाव नोंदवून आले.

नवांकुरचं सगळं काचेचं होतं. आत इतका गारवा की सिंधूताईंनी पदर कानावरून घेतला. पांढऱ्या कोटातल्या माणसाने रुपरावांच्या पोटातून चमचाभर चरबी काढली, ती एका यंत्रात गरगर फिरवली आणि सुईने मनगटांत आणि गुडघ्यांत टोचली. ‘‘माहीच वस्तू, मलेच परत, वरून पावती,’’ असं रुपरावांनी त्याचं वर्णन केलं. कोटवाल्याने जाताना बजावलं, त्या सरकारी गोळ्या बंद करा, नवीन पेशी त्यांनी मरतात. रुपरावांनी गोळ्या बंद केल्या.

आणि खरंच गुण आला. दहा दिवस हा माणूस वीस वर्षांनी लहान झाला. अंगणातला फणसाएवढा दगड उगाच इकडून तिकडे ठेवला. संत्री आणून कॉलनीतल्या पोरासोरांना सोलून वाटली, आणि एकही फोड फुटू दिली नाही. सिंधूताई म्हणाल्या, ‘‘पंखा पुसून द्या मग.’’ त्यांनी पुसला. त्या घरात तो दिवस इतिहासात जमा झाला.

दहाव्या दिवशी नवांकुरमधून फोन आला. काका, तुमचा अनुभव दोन मिनिटांच्या व्हिडिओत सांगा, दुसरी सुई आमच्याकडून.

अकराव्या दिवशी सकाळी मनगट पुन्हा सुजलं.

व्हिडिओ त्याच दिवशी गच्चीवर काढायचा ठरला होता. मोबाइल माझा आणि कॅमेरेवालाही मीच. रुपराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते, बटणं सिंधूताईंनी लावलेली. पाण्याने भरलेली बादली एका हाताने उचलून दाखवायची, ही त्यांचीच कल्पना. त्यांनी कडी धरली आणि सोडली.

‘‘थोडं पाणी कमी करा,’’ ते म्हणाले.

मी दोन तांबे ओतून दिले. बादली हलली, उठली नाही.

‘‘आणखी थोडं.’’

असं करता करता बादलीत चतकोर पाणी उरलं. तेव्हा मी म्हणालो, ‘‘मी खाली बसून काढतो, म्हणजे आतलं पाणी दिसणार नाही.’’ ही सूचना माझी होती. इतकी पानं मी रुपरावांची थट्टा करून भरली, म्हणून हे वाक्य वेगळं लिहून ठेवतो.

सिंधूताई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. रुपराव घसा साफ करून सुरू झाले, ‘‘मी रुपराव ठवकर, निवृत्त रीडर, देवाशपथ खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.’’

‘‘शपथ तरी काढा त्यातून,’’ सिंधूताई चिमटा लावत म्हणाल्या.

‘‘शपथेबिगर साक्ष कच्ची राह्यते वं,’’ रुपराव म्हणाले, आणि पुढे निघाले. शेवटी त्यांनी बादली छातीपर्यंत उचलली. चेहरा वेदनेने लाल झाला होता. व्हिडिओत तो तेज आल्यासारखा दिसतो.

हा व्हिडिओ किती लोकांनी पाहिला मला माहीत नाही. भाजीवालीने पाहिला, बँकेतल्या शिपायाने पाहिला. रुपरावांना जिल्ह्यातून फोन येऊ लागले. कोर्टात त्यांनी हजारो साक्षी ऐकल्या होत्या. स्वतः साक्षीदार झाल्याची चव त्यांना पहिल्यांदाच लागली. ‘‘हो, हो, जाऊन या,’’ ते सांगायचे. फोन कानाला धरायला त्रास व्हायचा, म्हणून सिंधूताई धरायच्या.

दुसरी सुई झाली. तिने एक दिवससुद्धा आराम दिला नाही. कोटवाला म्हणाला, तिसरी लागेल, कधी कधी वेळ लागतो. रुपराव पुन्हा तिकडे गेले नाहीत. लाजेने डॉक्टर नूपुरकडेही गेले नाहीत. गोळी नाही, सुई नाही, अशा अवस्थेत चार महिने गेले आणि बोटं एका बाजूला कलायला लागली. चौकातला कॅरम सुटला. लग्नात कुणी हात पुढे केला तर ते लांबूनच मान लववायचे. उन्हाळ्यातही कुडत्याच्या खिशात हात घालून फिरायचे, आणि लोक म्हणायचे, रुपराव आता मोठे माणूस झाले.

मी एकदा म्हणालो, ‘‘सांगून टाका ना लोकांना.’’

‘‘फितूर होऊ म्हणता? आयुष्यभर फितूर साक्षीदार पाहिले मी. पिंजऱ्यातून उतरताना त्यांच्याकडं कोनी पायत नाही.’’

‘‘मग नवीन फोन आले तर नका सांगू जा म्हणून.’’

‘‘पाहू,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या आठवड्यात ठेवू.’’

तो आठवडा यायच्या आत, एका मंगळवारी सकाळी अकराला, धोंडबा मेश्राम आपल्या मुलीला घेऊन आले. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. धोंडबा कुहीच्या पुढच्या एका खेड्यातले, धानाची थोडी शेती. बांधाच्या भांडणावरून त्यांनी रुपरावांच्या कोर्टात अकरा वर्षं पेश्या केल्या होत्या. मुलगी पायल, चोवीस वर्षांची, तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करणारी. चेहरा गोल सुजलेला, गालांवर लाल चट्टे, हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. तिला ल्युपस होता. तोही त्याच जातीचा आजार, स्वतःच्याच शरीरावर उलटलेला, फक्त रुपरावांचा सांध्यांत शिरला आणि पायलचा किडनीत.

‘‘गोळ्यांनं बरं होतं तिचं,’’ धोंडबा म्हणाले, ‘‘पन तोंड असं फुगलं. पावने येते आन् पाहून जाते. मंग तुमचा व्हिडिओ आला. म्या म्हटलं, हा तं आपला साहेब.’’

‘‘बसा, बसा,’’ रुपराव म्हणाले. हात खिशात.

‘‘तुमी मले अकरा वर्षं तारखा देल्या साहेब, पन एकडाव लबाड नाई बोलले. तुमी म्हना, अठराले जजसाहेब सुट्टीवर राहीन, त राहे. बाकी सारे म्हने, या, या. म्हनून आज तीन वाजता तिचं नाव लावलं, तवा म्हटलं, आधी साहेबाचा हात पाहून जाऊ.’’

पायल म्हणाली, ‘‘काका, त्यांनी फोनवर सांगितलं गोळ्या आधीच बंद करा. नऊ दिवस झाले. तुमच्याबी पूर्ण बंद झाल्या ना?’’

रुपराव उत्तर द्यायच्या ऐवजी तिच्या पायांकडे पाहत होते. तिने चप्पल दारात काढली होती, पण पट्ट्याचा वळ पायात खोल रुतून तसाच राहिला होता. पाय कणीक भिजवून ठेवावी तसे.

‘‘पाय कवापासून?’’ त्यांनी विचारलं.

‘‘परवापासून. लघवीबी कमी झाली. ते म्हणाले, जुन्या गोळ्यांचं विष निघून राहिलं.’’

सिंधूताई चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. रुपराव म्हणाले, ‘‘नवांकुरचे डॉक्टर तसे...’’ आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागले. मला वाटलं, हे आता पुढची तारीख देणार. त्यांचं सगळं आयुष्य त्यांना तेच सांगत असणार. मी एखादा विनोद करावा म्हणून तोंड उघडलं, आणि मला एकही सुचला नाही.

मग त्यांनी दोन्ही हात खिशातून काढले आणि टीपॉयवर, चहाच्या ट्रेशेजारी ठेवले. बोटं सगळी करंगळीकडे वाकलेली, मनगटं गाठोड्यासारखी.

‘‘हे पाहा,’’ ते म्हणाले. ‘‘गुण दहा दिवसांचा होता. व्हिडिओ अकराव्या दिवसाचा हाये.’’

धोंडबांना ते लगेच कळलं नाही. पायलला कळलं. तिने हातातली पिशवी छातीशी घट्ट धरली.

‘‘आन् ते बादली?’’ धोंडबांनी विचारलं.

‘‘चतकोर पाणी होतं.’’

‘‘मंग शपथ काहून घेतली साहेब?’’

चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी शपथ घालणाऱ्या माणसाची मान खाली गेली. माझीही गेली, पण माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

‘‘आता उठा,’’ सिंधूताई म्हणाल्या. ‘‘रडायचं ते ऑटोत रडा.’’

आम्ही पाचजण दोन ऑटोंत सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर नूपुरनी पायलचे पाय दाबून पाहिले, रक्तदाब घेतला आणि कागदावर लिहिता लिहिताच शिपायाला खाट रिकामी करायला सांगितलं. त्या गोळ्या अशा एकाएकी तोडायच्या नसतात, किडनीला सूज आली आहे, एवढंच बोलल्या. मग त्यांची नजर रुपरावांच्या हातांवर गेली. त्यांनी ते हात उलटेसुलटे करून पाहिले.

‘‘नऊ तारखेला बोलावलं होतं, काका,’’ त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी, पायलची लघवी थोडी सुटल्यावर, रुपरावांनी डॉक्टरबाईंना खाली मान घालून विचारलं, ‘‘म्हणजे हे मूळपेशी सगळं थोतांडच का?’’

‘‘नाही ना, तीच तर अडचण आहे,’’ डॉक्टर नूपुर म्हणाल्या. ‘‘खऱ्या गोष्टीच्या नावावर दुकानं चालतात. काही मोठ्या केंद्रांत, ज्यांना दुसरं कुठलंच औषध लागू पडत नाही अशा मोजक्या रुग्णांवर हा उपचार करतात. आधी त्यांच्या रक्तातल्या मूळपेशी काढून जपून ठेवतात. मग जबर औषधं देऊन ती बिघडलेली फौज जवळजवळ पुसून टाकतात, आणि जपलेल्या पेशी परत देतात. नवी फौज उभी राहीपर्यंत माणूस कित्येक दिवस वेगळ्या खोलीत. साध्या सर्दीने जीव जाऊ शकतो. काहींना खूप फायदा होतो, काहींना होत नाही, बऱ्याच आजारांत अजून अभ्यासच चालू आहे. पोटातली चरबी काढून टोचायची आणि दुपारी जेवायला घरी पाठवायचं, हे ते नव्हे. त्या सुईत तुम्हाला दहा दिवस आराम कशाने पडला, तेही मी खात्रीने सांगू शकत नाही. सांध्यात स्टेरॉइड टोचलं तरी असाच आराम पडतो.’’

‘‘म्हणजे प्रकरण अजून पुराव्यावर हाये.’’

‘‘हो. आणि तुमच्या गोळ्या आजपासून पुन्हा सुरू.’’

धोंडबा रुपरावांशी बोलत नव्हते. सिंधूताईंचा डबा खायचे, डबा धुऊन परत द्यायचे, पण रुपराव आले की उठून व्हरांड्यात जायचे. पायल मात्र बोलली. किडनी पूर्वीसारखी होईल की नाही हे आत्ता सांगता येत नाही, असं तिला त्या सकाळीच कळलं होतं.

‘‘काका, तुमचा व्हिडिओ मी गावातल्या तिघींले धाडला हाये.’’

‘‘तो काढून टाक वं मोबाइलमधून.’’

‘‘त्यांनी पाहून झाला ना. पाहिलेलं कसं काढू?’’

रुपरावांनी नावं लिहून घ्यायला खिशातून पेन काढलं. बोटांत ते धरवेना. पायलने त्यांच्या हातातून पेन घेतलं, आणि सलाईन लावलेल्या हातानेच तपासणीच्या एका जुन्या कागदामागे तीन नावं आणि घराच्या खुणा लिहून दिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने निघालो.

पहिलं घर पार्वतीबाईंचं. साठीच्या, गुडघ्यांनी बसलेल्या. त्यांनी ‘‘व्हिडिओतले साहेब आले’’ म्हणून खुर्ची पुसून दिली, शेजारच्या दोघींना हाक मारली. रुपरावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. दहा दिवस, अकरावा दिवस, पाणी. पार्वतीबाईंनी ऐकून घेतलं आणि खुर्ची उचलून आत ठेवली. दुसऱ्या घरी मुलगी नव्हती, तिच्या भावाने दारातच ऐकलं, आणि ‘‘बरं’’ म्हणून दार लावलं. रुपराव त्या बंद दाराला नमस्कार करून वळले.

तिसरं घर सोनिकाचं. तिशीची, दोन मुलांची आई. अंगणात सूप घेऊन ती तांदूळ पाखडत होती. मनगटं अशी झोकात फिरत होती की तांदूळ हवेत उडून बरोबर सुपातच पडत होता.

‘‘काका, तुमी,’’ ती हसून उठली. ‘‘तुमचे लय उपकार झाले. गेल्या आठवड्यात सुई लावून आली. पाहा ना हात.’’

रुपराव तिथल्या खाटेवर बसले. ‘‘किती दिवस झाले?’’

‘‘आज सहावा.’’

त्यांनी तिलाही सगळं सांगितलं, आणि हात दाखवले. तिने ते हात पाहिले, चुकचुकत आत जाऊन पाण्याचा गडू आणला.

‘‘तुमाले नाई लागलं काका, तुमचं नशीब. मले लागलं.’’

‘‘गोळ्या चालू ठेव वं पोरी. एवढंच ऐक.’’

‘‘त्या म्या फेकल्या.’’

‘‘दवाखान्यात पुन्हा भेटतात. फुकट भेटतात. मी येतो संगं.’’

‘‘ज्याले आराम हाये त्यानं दवाखान्यात कायले जाव?’’ सोनिका म्हणाली, आणि सूप पुन्हा हाती घेतलं.

पाचची बस होती, त्यानंतर थेट उद्याच. मी रुपरावांच्या खांद्याला हात लावला. ते म्हणाले, ‘‘तुम्ही जा. हिचा घरवाला धानावरून येईन, त्याले सांगतो. तो नाही ऐकला त हिच्या सासूले सांगतो.’’

‘‘रात्री राहाल कुठे?’’

‘‘या खाटेवर.’’

मी बसस्टॉपकडे चार पावलं टाकली आणि परत येऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. सोनिका आमच्याकडे पाहून हसत होती, दोन म्हाताऱ्यांची काहीतरी गंमत चालली आहे असं तिला वाटत होतं. रुपरावांनी पहिल्या दिवसापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली. या वेळी गच्चीवर खाली बसून मोबाइल कुणी धरला होता, तेही त्यांनी सांगितलं, आणि सोनिका पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहू लागली.